काळ्या कातळाच्या राज्यात : महाराष्ट्रातील निसर्गनवले आणि जपून टाकायचे पाऊल

व्यापारी परिवारांना महाराष्ट्राची ओळख बहुधा बाजारपेठांतून झालेली असते. लातूर म्हटले की तूरडाळ, सांगली म्हटले की हळद, जळगाव म्हटले की सोने आणि केळी, खामगाव म्हटले की चांदी. पिढ्यान्‌पिढ्या मालाच्या निमित्ताने या गावांना जाणे-येणे झाले. उधारी-वसुली झाली, सोयरिकीही जुळल्या. परंतु दिवाळीत पेढी चार-सहा दिवस बंद राहिली की हाच परिवार गाठोडे बांधून राजस्थानात, हिमाचलात किंवा केरळात निघतो. तीर्थयात्रेचा संकल्प झाला तर पालिताणा किंवा सम्मेदशिखरजी. ज्या भूमीने आसरा दिला आणि रोजी दिली, तिच्या डोंगर-दऱ्यांकडे मात्र ‘कधीतरी पाहू’ असे म्हणून पाठ फिरवली जाते. मुले शाळेच्या पुस्तकात लोणारचे चित्र पाहतात आणि जालन्याच्या बाजारात ज्यांची वर्षानुवर्षे ये-जा आहे अशा वडिलांना विचारतात, “तुम्ही पाहिले आहे का?” उत्तर बहुधा नकारार्थी असते.

ही उणीव भरून काढण्यास फार दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक निसर्गनवले दोन-तीन दिवसांच्या प्रवासात पाहता येतात, आणि त्यांतील बरीच एकाच काळ्या दगडाने एकमेकांशी जोडलेली आहेत.

एकाच दगडाची अनेक रूपे

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा वाहू लागला. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी फुटावा तसा हा प्रकार नव्हता. लाव्हारस भेगांतून बाहेर येई, दूरवर पसरे, थिजे, आणि कालांतराने त्यावर दुसरा थर येई. असे थरावर थर साचून जो दगड तयार झाला तो बेसाल्ट, म्हणजेच आपला काळा पाषाण. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश भूमी याच दगडाची आहे. महाबळेश्वरच्या बाजूला या थरांची जाडी एक किलोमीटरहूनही अधिक भरते. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या कडा होत. कठीण थर उभा कडा होऊन टिकतो, ठिसूळ थर झिजून उतार होतो. भूगर्भशास्त्रात या प्रदेशाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

एवढे एक सूत्र मुलांच्या मनात पक्के झाले की पुढचा प्रवास त्यांना आपोआप उलगडत जातो. दगड तोच असतो. त्याला कोठे पाण्याने घडवले, कोठे आकाशातून आलेल्या आघाताने, तर कोठे माणसाच्या छिन्नीने.

निघोज : पाण्याची छिन्नी

शिरूरहून पारनेर तालुक्यातील निघोज फार लांब नाही. येथे कुकडी नदीच्या पात्रात सपाट कातळ पसरलेला आहे आणि त्यात शेकडो खळगे कोरले गेले आहेत. कोणी हातभर खोल, कोणी माणूस आत उभा राहिला तर दिसू नये असा. आकार रांजणासारखा, म्हणून लोक त्यांना रांजणखळगे म्हणतात. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे.

हे खळगे कसे झाले ते समजून घेण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. पुराच्या पाण्याबरोबर गोटे वाहत येतात. कातळातील एखाद्या लहानशा खाचेत गोटा अडकतो आणि भोवऱ्याच्या वेगाने तेथेच फिरत राहतो. जात्यात धान्य दळले जावे तसा कातळ दळला जातो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. हजारो वर्षे हे चालले म्हणजे रांजण तयार होतो. उन्हाळ्यात काही खळग्यांच्या तळाशी असे गुळगुळीत गोटे पडलेले दिसतात.

निघोज पावसाळ्यात पाहण्याची जागा नव्हे. पात्रात पाणी असताना खळगे दिसत नाहीत आणि ओल्या कातळावर पाय ठरत नाही. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. तेव्हाही मुलांचा हात सोडू नये. खळग्याची कड वरून सपाट भासते, पण आतल्या बाजूने पोखरलेली असू शकते. तेथील गोटे आठवण म्हणून घरी आणू नयेत. ती नदीची हत्यारे आहेत, तेथेच राहिलेली बरी.

नाणेघाट : डोंगरातील जकात

निघोजहून जुन्नरकडे वळले की पश्चिमेला सह्याद्रीची धार लागते. त्या धारेत नाणेघाट आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सोपारा-कल्याण या बंदरांतून आलेला माल याच खिंडीतून वर चढून जुन्नर आणि पुढे पैठणला जात असे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे.

खिंडीतील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई आणि कार्षापण नाण्यांच्या संख्या कोरलेल्या आहेत. भारतातील अंकचिन्हांचा इतिहास अभ्यासताना या लेखाला मोठे महत्त्व दिले जाते, कारण अंक इतक्या प्राचीन काळी आणि इतक्या संख्येने फार थोड्या ठिकाणी मिळतात. ज्या घरात दर दिवाळीला वही-पूजन होते, त्या घरातील मुलांनी हा लेख अवश्य पाहावा. वहीतल्या आकड्यांचे पूर्वज त्या गुहेच्या भिंतीवर आहेत.

पावसाळ्यात नाणेघाटात आणखी एक नवल दिसते. कड्यावरून खाली पडणारे पाणी कोकणातून चढणाऱ्या वाऱ्याच्या झोताने पुन्हा वर फेकले जाते. हे दृश्य पाहण्यास मोठी गर्दी लोटते आणि कड्याच्या टोकाशी जाण्याचा मोहही होतो. ज्या वाऱ्याने पाणी उलटे फिरते तो माणसाचाही तोल घालवू शकतो, हे वडीलधाऱ्यांनी आधीच बजावून ठेवावे. 2024 च्या जून महिन्यात लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच परिवारातील पाच जण वाहून गेले. उभे राहिले तेव्हा पाणी थोडे होते, मग डोंगरावरच्या पावसाचा लोंढा आला. सह्याद्रीत पाऊस वर पडतो आणि पाणी खाली नंतर पोहोचते. आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून प्रवाह सुरक्षित आहे, असे कधीही समजू नये.

याच सह्याद्रीच्या रांगेत दक्षिणेला, मावळातील पाले गावाजवळच्या एका लहानशा गुहेत अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा ब्राह्मी लेख सापडला आहे. तो महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेख मानला जातो. इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याची नोंद त्यात आहे. डोंगरवाटेने जाणाऱ्याला सावली आणि पाणी मिळावे एवढाच त्या दानाचा हेतू असावा. घाटवाटेवर तहान लागली म्हणजे त्या टाक्याचे मोल कळते.

लोणार : आकाशातून आलेला पाहुणा

जालन्याहून गाडीने साधारण दोन तासांत बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येते. गावाच्या कडेला पोहोचेपर्यंत काहीही कळत नाही. मग एकाएकी पायाखालची जमीन संपते आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा समोर येतो. त्याची खोली सुमारे दीडशे मीटर, उतारांवर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर.

1823 साली एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हा ज्वालामुखीचा खड्डा मानला गेला. विसाव्या शतकात येथील दगडांचा बारकाईने अभ्यास झाला. केवळ प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काच त्यांत मिळाली, आणि हा खड्डा अशनीच्या आघाताने झाला हे सिद्ध झाले. बेसाल्ट खडकावर असा आघात होऊन तयार झालेली विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत. चंद्राच्या पृष्ठभागावर बेसाल्ट मोठ्या प्रमाणात असल्याने लोणारच्या अभ्यासातून चंद्राची विवरे समजून घेण्यास मदत होते. या विवराचे वय काढण्याचे अनेक प्रयत्न झाले. एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे आले, नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे.

सरोवरातून पाणी बाहेर जाण्यास मार्ग नाही. झरे आणि पाऊस पाणी आणतात, ऊन ते उडवून नेते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी खारट तर आहेच, शिवाय तीव्र क्षारयुक्तही आहे. अकबराच्या काळातील ‘ऐने-अकबरी’ या ग्रंथात या भागातून काच आणि साबण बनवण्याची द्रव्ये मिळत असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे या खड्ड्याचा व्यापारही जुना. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर कुतूहल पसरले. क्षारांचे प्रमाण वाढल्यावर त्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला होता, असे तपासणीत आढळले. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले.

येथे एक गोष्ट वाचकांच्या मनाला विशेष भिडेल. साधे मासे ज्या पाण्यात जगणे कठीण, त्याच पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव सुखाने नांदतात. पाण्याच्या थेंबातील जीवांविषयी घरात जे लहानपणापासून ऐकले जाते, त्याचे एक निराळेच रूप येथे दिसते. हे जग पाण्यातील क्षारांच्या तोलावर उभे आहे. बाहेरचे गोडे पाणी, सांडपाणी किंवा साबण त्यात अधिक मिसळला तर तो तोल ढळतो. म्हणून सरोवरात हातपाय धुणे किंवा निर्माल्य टाकणे टाळावे. गावातील दैत्यसूदन मंदिर पाहून, काठावरून विवराचे पूर्ण वर्तुळ डोळ्यांत साठवून, मगच हिवाळ्याच्या सकाळी खाली उतरावे. परतीचा चढ वृद्धांना जड जातो. त्यांच्यासाठी काठावरचे दर्शन पुरेसे आहे.

वेरूळ : छिन्नीने घडवलेला डोंगर

लोणारला निसर्गाने एका आघातात खड्डा केला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वेरूळला माणसाने शतकानुशतके तोच दगड थोडा थोडा काढून टाकला. वेरूळची लेणी म्हटले की कैलास मंदिराचे नाव प्रथम येते, पण उत्तरेकडील 30 ते 34 क्रमांकांची जैन लेणी पाहिल्याशिवाय परतू नये. 32 क्रमांकाच्या इंद्रसभेत वरच्या मजल्याच्या छतावर कोरलेले कमळ पाहताना हा तोच कठीण काळा पाषाण आहे, हे मनाला पटत नाही. मागच्या चारणाद्री टेकडीवर पार्श्वनाथांची तेराव्या शतकातील भव्य मूर्ती आहे.

पावसाळ्यात येथे डोंगरावरून येणाऱ्या एळगंगेचा धबधबा 29 क्रमांकाच्या लेण्याजवळ कोसळतो. निघोजला पाण्याने जे केले आणि इंद्रसभेत शिल्पींनी जे केले, ते येथे मनोमन शेजारी ठेवून पाहता येते. दोन्ही ठिकाणी काहीही जोडलेले नाही. जे नको ते काढून टाकल्यानेच रूप प्रकटले.

कास : जेथे पाऊलच प्रश्न होते

आता सर्वांत सुंदर आणि सर्वांत अवघड स्थळ. साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवर कासचे पठार आहे. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत, आणि कास त्यांपैकी एक.

येथे काळ्या दगडावर जांभ्याचे कठीण आवरण आहे आणि त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठे झाड मूळ धरू शकत नाही. म्हणूनच तेथे गवत आणि फुलांचे राज्य आहे. भाद्रपदाच्या सुमारास गुलाबी तेरडा, पिवळा कवला, पांढरे गेंद आणि निळसर सीतेची आसवे पठारभर पसरतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते. मातीत पोषण इतके कमी की दवबिंदूसारख्या काही वनस्पती सूक्ष्म कीटकांवर जगतात. आठ महिने उजाड दिसणारा कातळ काही आठवड्यांत आपले सारे देणे चुकते करतो.

आणि हाच काळ चातुर्मासाचा आहे. आषाढापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. ओल्या भूमीवर अंकुर, बुरशी, किडा-मुंगी, शंख-शिंपले अशा अगणित जीवांची उत्पत्ती झालेली असते. त्यांच्यावर पाऊल पडू नये, हा त्यामागील विचार. गृहस्थांना तो नियम तसा बांधील नाही. तरी अनेक श्रावक-श्राविका या काळात प्रवासाची मर्यादा घालून घेतात. कोणी जिल्ह्याबाहेर जात नाही, कोणी गावाची सीमा ओलांडत नाही. म्हणजे सह्याद्री जेव्हा सर्वाधिक जिवंत असतो, नेमके तेव्हाच घरात थांबण्याची शिकवण आहे. तरुण पिढी येथे अडते. फुलांची छायाचित्रे मित्रांच्या मोबाइलवर येत असतात, आणि आजी म्हणते, “आता नको, दिवाळीनंतर जा.” दिवाळीनंतर कासला फुले नसतात.

या पेचाचे उत्तर कासच्या पठारानेच काही अंशी दिले आहे. एके काळी तेथे गाड्या थेट पठारावर जात, लोक फुलांत लोळून छायाचित्रे काढत, जेवणावळी बसत. पातळ मातीवर एकदा चाक फिरले की ती घट्ट दबते आणि पुढच्या वर्षी तेथे बी रुजत नाही. आपल्या पावलाची किंमत फुलांनी मोजली, हे उशिरा लक्षात आले. मग वनविभागाने आणि भोवतालच्या गावांनी मिळून नियम घातले. दररोजच्या प्रवाशांची संख्या ठरली, आधी नोंदणी आली, चालण्याच्या वाटा आखल्या गेल्या. आज तेथे रक्षक प्रवाशाला सांगतो की वाटेवरूनच चाला, खाली पाहून पाऊल टाका, काही तोडू नका. ईर्यासमितीत जे सांगितले आहे तेच थोड्या वेगळ्या शब्दांत.

म्हणून आजीचे म्हणणे आणि नातवाची ओढ यांत वैर मानण्याचे कारण नाही. ज्याने चातुर्मासात प्रवासाचा नियम घेतला आहे त्याने तो पाळावा. जो जाणार आहे त्याने आखलेल्या वाटेवरून, कमी वेळ, कमी सामान घेऊन जावे आणि पठारावर पायपीट करण्यापेक्षा एका जागी उभे राहून पाहावे. दशदिशांची मर्यादा घालून घेणाऱ्या व्रताचा एक लाभ सहसा बोलला जात नाही. दूरचे बंद झाले की जवळचे दिसू लागते. साताऱ्याच्या परिवाराला कास आहे, जुन्नरच्या परिवाराला नाणेघाट, संभाजीनगरच्या परिवाराला वेरूळ. प्रत्येक गावाच्या पंचक्रोशीत एखादी टेकडी, एखादा ओढा असतोच. तो आषाढात कसा दिसतो आणि कार्तिकात कसा, हे ज्याने पाहिले त्याने चार राज्ये पालथी घातलेल्या प्रवाशापेक्षा कमी पाहिलेले नसते.

प्रवासाची बांधणी

कार्तिक पौर्णिमेनंतर मार्ग मोकळे होतात आणि आकाश स्वच्छ असते. जालना किंवा संभाजीनगर मुक्कामी ठेवून लोणार आणि वेरूळ दोन दिवसांत निवांत होतात. पुण्याच्या बाजूने निघोज आणि नाणेघाट एका जोडसुट्टीत पाहता येतात. निघोजच्या नदीकाठी आणि घाटमाथ्यावर सूर्यास्तापूर्वी सात्त्विक भोजन मिळेलच असा भरवसा धरू नये. खाकरे, दशम्या, सुका नाश्ता आणि उकळलेले पाणी घरून घ्यावे, दुपारी चारपर्यंत परतीला लागावे. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांऐवजी पितळी किंवा स्टीलचे भांडे न्यावे. जे नेले ते सर्व, रिकाम्या पुड्यांसह, परत आणावे.

आणि घरी परतल्यावर मुलांना एक काम द्यावे. प्रत्येक ठिकाणी दगड कोणी घडवला, पाण्याने, आघाताने की माणसाने, आणि तेथे कोणते जीव दिसले, हे त्यांनी एका वहीत लिहावे. दोन-तीन वर्षांत ती वही भरेल. पुढच्या वेळी वडील मालाच्या कामासाठी जालन्याला निघाले, तर मुलगा म्हणेल, “बाबा, लोणारच्या पाण्याचा रंग आता कसा आहे, तेवढे पाहून या.”